पथ्य शिजवणार कोण?

चिकित्सापत्रावर औषधांची योजना लिहून झाली की आपल्यापैकी बहुतेक वैद्य खाली एक आडवी रेघ ओढतात आणि त्या रेघेखाली पथ्य लिहितात. लाह्यांचा मंड, मुगाचे कढण, जुन्या तांदळाची पेज, सुंठ घालून उकळलेले पाणी, दुधीची किंवा पडवळाची तुपाच्या फोडणीतील भाजी. ही यादी लिहिताना लेखणी अडखळत नाही, कारण ती आपल्याला मुखोद्गत असते. परंतु ज्या घरी ते चिकित्सापत्र जाते, त्या घरी यातील एखादा तरी पदार्थ शिजवू शकणारा हात त्या वेळी हजर असतो काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पथ्यपालन होत नाही अशी खंत आपल्या सभासंमेलनांतून वारंवार व्यक्त होते आणि दोष बहुधा रुग्णाच्या जिव्हालौल्यास किंवा बदलत्या काळास दिला जातो. माझ्या मते कारण याहून साधे आहे. पथ्य शिजवण्याची विद्या घराघरांतून लोप पावत आहे आणि ती पुढच्या पिढीच्या हाती सोपवण्याचे काम कोणाचे, हे कोणीच ठरवलेले नाही.

म्हणूनच मुलांना घरी स्वयंपाक शिकवणे हा विषय स्त्रियांच्या मासिकांतील सुटीच्या सदरापुरता राहू नये, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे. तो स्वस्थवृत्ताचा विषय आहे. आणि थोडा विचार केल्यास भैषज्यकल्पनेचाही आहे. आठ-नऊ वर्षांपुढील प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो की मुलगी, रोजच्या जेवणातील चार पदार्थ स्वतः करता यावेत, ही अपेक्षा वैद्याने पालकांपुढे स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे.

माझे चिकित्सालय बदलापूर पश्चिमेस बेलवली येथे आहे. एकेकाळी भातशेतीचे असलेले हे गाव आता इमारतींनी वेढले गेले आहे आणि येथील जीवन रेल्वेच्या वेळापत्रकावर चालते. बदलापूरपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. घरातून निघून कचेरीत पोहोचण्यास दोन तास आणि परतीचे तेवढेच, असा हिशेब असणारी कुटुंबे आमच्याकडे घरोघर आहेत. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण यांची गोष्ट फार निराळी नाही. आईवडील दोघेही नोकरीस जाणारे, आजी-आजोबा गावी, आणि शाळेतून आलेल्या मुलाच्या गळ्यात किंवा दप्तराच्या कप्प्यात घराची किल्ली. दुपारपासून रात्री आठपर्यंत त्या घराचे स्वयंपाकघर मुलाच्या ताब्यात असते. त्याला ज्वर येऊन गेला असेल, अग्नी मंद झाला असेल, आपण मंड आणि पेज लिहून दिली असेल, तर ती करणार कोण? सकाळी पाचला उठून आईने डब्यात भरून ठेवलेली पेज सायंकाळपर्यंत कशी होते, हे सांगावयास नको. मग कोपऱ्यावरचा वडापाव येतो, नाहीतर बिस्किटांचा पुडा फुटतो.

येथे पालक एक आक्षेप हमखास घेतात. लहान मुलाला गॅसपाशी कसे जाऊ द्यावयाचे? आक्षेप रास्त आहे, पण त्याला फार उशीर झाला आहे. तेच मूल झटपट शेवयांचे पाकीट फोडून, पाणी उकळून, मसाल्याची पुडी टाकून रोज खात असते. शेगडी त्याने केव्हाच पेटवली आहे. फक्त ती कशासाठी पेटवावी हे त्याला पाकिटाने शिकवले, घराने नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितलेली आहारविधीची आठ आयतने आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांतील करण आणि संयोग ही दोन तर सर्वस्वी शिजवणाऱ्याच्या हाती असतात. आजचे शहरी मूल या आठांपैकी केवळ शेवटचे, म्हणजे उपयोक्ता, उरले आहे. ताटात येईल ते खाणारा किंवा नाकारणारा. बाकीची सात आयतने त्याच्या दृष्टीआड घडतात, आणि जे कधी घडताना पाहिलेच नाही त्याविषयी विवेक करावा अशी अपेक्षा आपण त्याच्याकडून करतो.

करण म्हणजे काय हे आमच्या भागात पावसाच्या तोंडावर रस्त्याकडेला शिकता येते. मृगाच्या सरी पडल्या की डोंगरकडेच्या पाड्यांवरील आदिवासी भगिनी शेवळे, टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्या घेऊन बदलापूर-अंबरनाथच्या बाजारांत बसतात. शेवळे एरवी घशाला खाजणारे. त्याच्या दांड्यातील खाजरा भाग काढून टाकावा लागतो आणि भाजीत काकडांचा आंबट रस घालावा लागतो. म्हणूनच विकणारी बाई शेवळ्यांच्या जुडीशेजारी काकडांचा लहानसा वाटा मांडून ठेवते. संस्काराने द्रव्याचा दोष कसा जातो आणि संयोगाने ते भक्ष्य कसे होते, याचा याहून सुबोध पाठ कोणत्या महाविद्यालयात मिळणार? श्वास-कासात आपण भारंगीची योजना करतो, दद्रूत टाकळ्याच्या, म्हणजे चक्रमर्दाच्या बिया वापरतो. भारंगीचा पाला उकळून, पिळून, कडवटपणा घालवून भाजी करणारी घरे मात्र आमच्या डोळ्यांदेखत कमी होत चालली आहेत. ज्या मुलाने आईबरोबर बसून एकदा शेवळे साफ केले, त्याच्या बोटांना जी खाज सुटली, ती त्याला जन्मभर पुरेल एवढे द्रव्यगुण शिकवते.

याहून महत्त्वाची गोष्ट पाकसिद्धीची. अवलेह सिद्ध झाल्याची लक्षणे आपण सांगतो: तार सुटणे, पाण्यात टाकल्यास न पसरता बुडणे, दाबल्यास बोटांच्या रेषा उमटणे, इष्ट गंध-वर्ण-रस येणे. संक्रांतीला गुळाचा पाक करणारी गृहिणी वाटीभर पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी होते की नाही हे पाहते, तेव्हा ती यातीलच एक परीक्षा करत असते. तिने शार्ङ्गधर उघडलेला नसतो इतकेच. लोणी कढवताना आधी फेस येतो, चुरचुर आवाज होतो, मग फेस बसतो, आवाज थांबतो आणि बेरीला तांबूस रंग चढतो. घृत सिद्ध झाल्याची फेनशांती आणि शब्दाचा लोप ही लक्षणे ज्याने दहाव्या वर्षी ओट्याशी उभे राहून पाहिली, त्याला पुढे ती शिकवावी लागत नाहीत. कान, नाक, डोळे आणि बोटे यांनी पदार्थाची अवस्था ओळखण्याची ही शिकवणूक पुस्तकातून येत नाही, चलचित्रातूनही येत नाही. कारण पडद्याला वास नसतो.

अलीकडे अनुभवासाठी आपल्याकडे येणाऱ्या नवपदवीधरांत ही उणीव ठळकपणे जाणवते. चरकसूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात अठ्ठावीस यवागू आहेत हे त्यांना माहीत असते. विलेपी चौपट, यवागू सहापट आणि मंड चौदापट पाण्यात, हे प्रमाणही ते न अडखळता सांगतात. परंतु संसर्जनक्रमातील रुग्णासाठी पेया करून दाखवा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो कुकरच्या शिट्ट्यांचा. यात त्या मुलामुलींचा दोष नाही. ती हुशार आहेत, कष्टाळू आहेत. बारावीपर्यंत त्यांना पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून दिला गेला आहे. पण जो वैद्य स्वतः पेया करू शकत नाही, तो रुग्णाला ती समजावून कशी देणार? मग चिकित्सापत्रावर ‘पचावयास हलके अन्न घ्यावे’ असे मोघम वाक्य उमटते. रुग्ण त्याचा अर्थ इडली किंवा पाव असा लावतो.

काढ्याची गत तीच. दोन कप पाण्याचा अर्धा कप उरवा असे आपण सांगतो. ज्याने कधी दूध आटवले नाही, वरण कमी-जास्त आचेवर ठेवले नाही, तो मोठ्या आचेवर पाच मिनिटांत पाणी खळखळवतो, वर झाकण ठेवतो आणि शेवटी जास्तीचे पाणी ओतून देऊन अर्धा कप ‘उरवतो’. हा विनोद नाही. औषधनिर्माते बंधूंना याची कल्पना माझ्याहून अधिक असेल, कारण भरडीची पुडी परत आणून ‘याने गुण येत नाही’ असे सांगणारा ग्राहक प्रथम त्यांच्याच गल्ल्यापाशी उभा राहतो.

स्वयंपाक हे मुलींचे काम, ही समजूत आपल्या शास्त्रपरंपरेतून आलेली नाही. पाकदर्पण हा ग्रंथ नलराजाच्या नावावर सांगितला जातो. विराटाच्या घरी भीम बल्लव होऊन राहिला. सतराव्या शतकात भोजनकुतूहल लिहिणारे रघुनाथ नवहस्त महाराष्ट्रातलेच आणि पुरुषच. १८७५ साली मराठीत सूपशास्त्र हे पाकशास्त्राचे पुस्तक छापले गेले, त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते. पुढे १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे गृहिणीमित्र आले आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची रुचिरा आली. रुचिरेने वाटी-चमच्याचे माप दिले आणि सासर-माहेरापासून दूर संसार थाटलेल्या हजारो घरांना हात दिला. या पुस्तकांची मोठी सेवा आहेच. परंतु मुलगा दहावीत गेला म्हणून त्याला ओट्यापासून दूर ठेवावयाचे आणि मुलगी दहावीत गेली तरी तिने पोळ्या लाटावयाच्या, ही रीत कोणत्याच ग्रंथाने सांगितलेली नाही. ती आपली सोय आहे.

आणि येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. आमच्याच परिसरातील वीटभट्ट्यांवर, पाड्यांवर आणि चाळींतून नऊ-दहा वर्षांची थोरली मुलगी आजही सगळ्या घराचा भात-आमटी करते. तिला स्वयंपाक शिकवा असा उपदेश करणे हा निर्दयपणा ठरेल. तिच्यासाठी तो शिक्षण नसून ओझे आहे. शाळा बुडवणारे, पाठ मोडणारे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील मुलींपैकी ५९.१ टक्के पांडुग्रस्त आढळल्या. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१.१ टक्के होते. याची कारणे अनेक आहेत, रजःप्रवृत्ती हे त्यांतील उघड कारण. परंतु जी शिजवते तीच शेवटी आणि उरलेले जेवते, हे दृश्यही आपण घरभेटींत पाहिलेले आहे. अशा घरी वैद्याचे सांगणे उलट असावे. तिच्या भावाला चुलीपाशी बसवा आणि तिला पंगतीत पहिले ताट वाढा.

शाळांनी हे काम करावे अशी अपेक्षा केली जाते, आणि महाराष्ट्रात ते झालेलेही आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार पुढे आला. आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी सेवाग्राम येथे चालवलेल्या शाळेत सामुदायिक स्वयंपाकघर हा अभ्यासाचाच भाग होता. किती माणसांना किती धान्य, भाजी कोणती, खर्च किती, हे सारे मुले करीत आणि त्यातून गणित व आहारशास्त्र शिकत. तेथेच २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत शेती, सूतकताई यांच्या जोडीने स्वयंपाक शिकवला जातो, मुलगे आणि मुली या दोघांनाही. दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. ते स्वतः अन्नतंत्रज्ञ होते, ही बाब आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. माध्यमिक शाळांसाठी आश्रमाने तयार केलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शेती, ऊर्जा आणि अभियांत्रिकी यांच्या बरोबरीने गृह-आरोग्य हा विभाग आहे. त्यात खाद्यपदार्थ करणे आणि त्याचा खर्च काढणे हे आठवी ते दहावीची मुले हाताने करतात. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून स्वयंपाक आणि पोषण हा विषय चौदा वर्षे वयापर्यंत अभ्यासक्रमात आणला गेला. जपानने २००५ मध्ये आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडे मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना साखरेच्या अतिसेवनाची माहिती देणारे फलक लावावयास सांगितले. चांगलेच झाले. पण शीतपेय पिऊ नको असे भिंतीवर वाचलेल्या मुलाला घरी येऊन कोकमाचे सरबत किंवा ताक करता येत नसेल, तर तो फलक काय करील?

सेवाग्राम आणि पाबळ यांची संख्या मात्र मोजकीच राहिली. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले होतात आणि परीक्षा जवळ आली की तो तासही गणिताला जातो. म्हणून घर आणि घराला सल्ला देणारा वैद्य, यांच्याकडेच वळावे लागते.

कोठून आरंभ करावा, याविषयी माझा अनुभव असा. केक आणि सँडविच यांपासून करू नये. मुलांना ते आवडते हे खरे, परंतु त्यातून रोजचे जेवण उगवत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाने निवडणे, धुणे, मोजणे, शेंगा सोलणे, ताक घुसळणे, पोह्यांवर पाणी शिंपडणे एवढेच करावे, आगीपाशी जाऊ नये. पुढे दहाव्या वर्षाच्या सुमारास, मोठ्या माणसाच्या उपस्थितीत, पहिला पदार्थ पेज असावी. ती बिघडत नाही, करपली तर लगेच कळते, आणि पाण्याचे प्रमाण वाढवत-घटवत गेल्यास एकाच तांदळापासून मंड, पेया, विलेपी आणि भात असे चार पदार्थ मूल पाहते व चाखते. गुरु-लघु म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी पोटाने समजते. त्यानंतर मुगाचे वरण, मग एक पालेभाजी, मग भाकरी किंवा पोळी. भाकरी पहिल्या महिन्यात भारताच्या नकाशासारखी होणारच. तिला घरच्यांनी हसू नये. शेगडीच्या उंचीएवढा भक्कम पाट किंवा चौरंग द्यावा. विळीऐवजी लहान सुरी द्यावी. प्रेशर कुकर बारा वर्षांपर्यंत देऊच नये. पातेल्यात भात शिजताना दिसतो, कुकरात तो केवळ ऐकू येतो.

चटका बसेल. बसलाच तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बर्फ लावू नये, आणि दंतमंजन, शाई, हळद यांपैकी काहीही चोपडू नये, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवावे. शतधौतघृताचा विचार त्यानंतर. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर वा सांध्यावर असेल, तर रुग्णालय.

अभ्यासाला वेळ उरत नाही, हा आक्षेप मी मनावर घेत नाही. पेजेला अर्धा तास लागतो आणि त्यातील वीस मिनिटे ती स्वतःच शिजते.

आता या त्रैमासिकाच्या वाचकांत ज्यांची संख्या मोठी आहे त्या औषधविक्रेत्या आणि निर्मात्या बंधूंशी थोडे बोलावयाचे आहे, आणि ते त्यांना कदाचित रुचणार नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या दुकानांच्या फळ्यांवर ‘पथ्य’ या नावाने तयार मिश्रणे वाढली आहेत. गरम पाणी घाला आणि प्या असे कढण, पेजेची पूड, काढ्याच्या विरघळणाऱ्या गोळ्या. प्रवासात, एकाकी वृद्धांसाठी, रुग्णालयात त्यांचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या घरी दोन हात आणि एक शेगडी आहे तेथे ही पाकिटे विकून आपण झटपट शेवयांचाच धडा पुढे गिरवतो. आज पेजेची पूड घेणारे घर उद्या सुंठही चूर्णरूपातच मागेल आणि परवा ते चूर्ण कोणत्या वर्षाचे हे विचारावयाचे विसरेल. घरी शिजवण्याची सवय गेली की द्रव्याची पारखही जाते, आणि पारख नसलेल्या ग्राहकापुढे उत्तम भरड व हलकी भरड एकाच भावाने विकली जाते. प्रामाणिक निर्मात्याचा यात तोटा आहे.

त्याऐवजी एक साधी गोष्ट करता येईल. एका वेळेपुरत्या मापाच्या कच्च्या पुड्या ठेवाव्यात: मूठभर जुने तांदूळ, मूठभर सालाची मूगडाळ, सुंठेचा एक तुकडा, थोडे जिरे आणि सैंधव. वर पाण्याचे प्रमाण वाटीच्या मापात, ठळक अक्षरांत, दहा वर्षांच्या मुलाला वाचता येईल अशा मराठीत छापावे. उल्हासनगरात सिंधीबांधवांसाठी देवनागरीतच हिंदी मजकूर जोडता येईल. वैद्याने चिकित्सापत्रावर पथ्याखाली एक ओळ वाढवावी: करणाऱ्याचे नाव. तेथे मुलाचे नाव लिहिले की ते मूल पुढच्या भेटीस आपणहून आत येते आणि मंड पातळ झाला होता की दाट, हे सांगते. लाह्यांच्या बाबतीत मात्र दुकानदारांनी हयगय करू नये. त्या त्याच आठवड्यात फोडलेल्या असाव्यात आणि हवाबंद डब्यात ठेवलेल्या असाव्यात. सादळलेल्या लाह्यांच्या मंडाला कुबट वास येतो, आणि मुलाने तो एकदा चाखला की दुसऱ्यांदा ते पातेले चुलीवर चढवीत नाही.